मोठ्या तोंडाचे आणि छोट्या तोंडाचे

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या शोभेच्या माशांच्या एका गोदामात मी चार वर्षं नोकरी केली. मत्स्यशास्त्र शिकलेली तिथे मी एकटीच. मॅनेजर पुण्याचे, आधी बाथरूमच्या टाइल्स विकायचे. टाइल ओळखावी तसा ते मासा ओळखत, म्हणजे रंगावरून.

मरीनामधल्या एका टॉवरच्या लॉबीतली मोठी टाकी भरायचं काम आम्हाला मिळालं. त्यांना गोड्या पाण्यातले सनफिश हवे होते, त्यातही ब्लूगिलच, कारण टाकीत आधीपासून इवलेसे रंगीत मासे होते आणि ब्लूगिल सहसा त्यांना खात नाहीत. कार्गोतून बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं आली, जेमतेम दीड-दोन इंचांची. या वयात सगळे सनफिश सारखेच दिसतात: चपटे, करडे, अंगावर पुसट उभे पट्टे.

मी थोडी पांढऱ्या ट्रेमध्ये काढली. निम्म्यांचं तोंड एवढंसं, कल्ल्यामागचा पर लांब नि टोकदार. ती ब्लूगिल. उरलेल्यांचा जबडा थेट डोळ्याखाली पोचलेला, पर आखूड नि गोलसर. ते ग्रीन सनफिश, तोंडात मावेल ते गिळणारे.

मी सरांना सांगितलं. त्यांनी मोबाइलवर पूर्ण वाढलेल्या, नारिंगी छातीच्या ब्लूगिल नराचा फोटो काढून ट्रेशेजारी धरला.

"ह्यांच्यात कुठे ऑरेंज दिसतंय का? नाही ना? मग सगळे सेमच आहेत. तुम्ही रत्नागिरीची माणसं मासा ताटातच ओळखता, मॅडम."

सेल्सचे दोघे हसले. मी निवडायला एक दुपार मागितली. ते म्हणाले, खलास, विषय संपला, डिलिव्हरी आजच जायला हवी. मग त्यांच्याइतकाच निर्लज्जपणा मीही केला. लेबलावर 'ब्लूगिल' लिहून खाली सही केली.

तीन आठवड्यांनी फोन आला. रंगीत मासे संपत चालले होते. सरांनी आधी एसीला दोष दिला, मग क्लीनरला, शेवटी माशांना 'स्ट्रेस' आल्याचं जाहीर केलं. आम्ही लॉबीत गेलो. तिथला नेपाळी सिक्युरिटी गार्ड टाकीसमोर दिवसभर बसायचा. मी काही विचारायच्या आधीच तो काचेवर बोट ठेवून म्हणाला, "मॅडम, ये बड़े मुँहवाले खाते हैं. छोटे मुँहवाले नहीं खाते."

सरांनी त्याला आपलं काम बघायला सांगितलं. त्याने ऐकलं नाही. मी जाळी घेऊन स्टुलावर चढले, तो खालून दाखवत गेला. तासाभरात बहुतेक ग्रीन सनफिश बादलीत होते. एकदाही तो चुकला नाही. आयुष्यात त्याने 'सनफिश' हा शब्द ऐकला नव्हता, फक्त बघितलं होतं. सर तेवढा वेळ सोफ्यावर बसून क्लायंटला ईमेल लिहीत होते. त्यात 'आमच्या टेक्निकल टीमचं निरीक्षण' असं होतं. गार्डचा उल्लेख नव्हता.

पुढच्या महिन्यात त्यांनी नव्या लोकांना ट्रेनिंग दिलं. पडद्यावर दोन बोटुकल्यांचे फोटो होते आणि नावं नेमकी उलटी. सगळे वहीत उतरवून घेत होते. मी हात वर करून म्हणाले, "सर, उलटं आहे. मोठ्या तोंडाचा ब्लूगिल नव्हे."

त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "पॉइंट कळला ना सगळ्यांना? डीटेल्समध्ये नको जायला," म्हणाले आणि पुढची स्लाइड लावली.