अणशी घाटातलं पिंजर

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून चहा टाकायला जाणारा माणूस. आयुष्यभर जोयड्यात पोरांना विज्ञान शिकवलं. या ग्रुपवरचे अनुभव वाचतानाही मनातल्या मनात बऱ्याच जणांच्या वहीवर लाल शाई मारलेली आहे. आज माझीच वही तुमच्यापुढे ठेवतोय… सांभाळून घ्या.

गेल्या जानेवारीत आमच्या सायकल क्लबची कारवारची राइड होती. जोयडा, कुंभारवाडा, अणशी, मग घाट उतरून कद्रा आणि तिथून समुद्र. आम्ही अकरा जण. लख्ख ऊन, हवेत गारवा, आणि साठी उलटलेला मी चक्क शिट्टी वाजवत होतो.

क्लबचा एकच कडक नियम – सगळ्यांच्या मागे एक 'शेवटचा' असतो. पंप, पॅच, जादा ट्यूब त्याच्या बॅगेत. त्यानं कुणाच्याही पुढे जायचं नाही. नियम पुंडलिकचा. पुंडलिक म्हणजे माझा लहानपणापासूनचा मित्र, बाजारात सायकलचं दुकान होतं त्याचं, आणि क्लबही त्यानंच काढलेला. आदल्या वर्षी तो गेला. त्याची ती मागची जागा त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडे आली होती.

कॉलेजात असताना आम्ही दोघं याच रस्त्यानं समुद्र बघायला जायचो. ट्यूब फाटली आणि पॅच संपले की हा पठ्ठ्या कॅरियरवरचं भाताचं पिंजर, म्हणजे मळणीनंतरचा पेंढा, वेणीसारखं पिळायचा आणि टायरमध्ये ठासून भरायचा. वर म्हणायचा, "गाडीला जेवाय घातलंय." हाडं खिळखिळी व्हायची, पण समुद्र गाठायचोच. काय दिवस होते ते!

तर… घाटाच्या तोंडाशी शिल्पा थांबली. आमच्यातली सगळ्यात लहान, बारावीतली. तिच्या आईनं सकाळी माझ्यासमोर हात जोडले होते, "सर, तुमच्या भरोशावर सोडतोय हां." शिल्पा बुटाची लेस बांधत म्हणाली, "तुम्ही व्हा पुढं सर, मी आलेच." समोर उतार, तोंडावर वारा… आणि मी गेलो! कद्र्यापर्यंत ब्रेकला हात म्हणून लावला नाही.

खाली डोकी मोजली तर दहाच. वाट बघितली, शिल्पा नाही. घाटात मोबाइलला रेंज नाही, दोन्ही बाजूंना दाट जंगल, आणि पंक्चरचं सगळं सामान माझ्या पाठीवर. मी उलटा चढायला लागलो. तिच्या आईचे ते जोडलेले हात डोळ्यांपुढून हलत नव्हते. स्वतःची इतकी लाज मला कधीच वाटली नव्हती.

निम्मा घाट चढलो आणि वळणावरून शिल्पा आली. हसत! मागचं चाक मात्र थडथड उडत होतं.

"ट्यूब टराटरा फाटली सर. रडाय आलं मला. तेवढ्यात खालनं एक काका चालत आले. काय इचारलं न्हाई, टायर काढला आणि गवत भरलं. म्हणाले, 'जेवाय घातलंय तिला, आता जाईल समुद्रापतूर.'"

मी टायर उघडला. आत भाताचं पिंजर होतं, वेणीसारखं पिळलेलं.

"कुठं गेले ते?"

"खालीच की. तुम्हाला भेटले न्हाईत?"

रस्ता एकच आहे. मी त्याच रस्त्यानं वर आलो होतो आणि मला चिटपाखरू भेटलं नव्हतं. आसपास भातशेतीही नाही. एखादा गाववाला असेल, पायवाटेनं उतरला असेल… मी स्वतःला बरंच शिकवून पाहिलं. ट्यूब बदलली, समुद्र गाठला. पोरं लाटांत दंगा करत होती आणि मी वाळूत बसून पोटभर रडलो.

दुसऱ्या दिवशी पुंडलिकच्या घरी गेलो. वैनी तांदूळ निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी ना आश्चर्य दाखवलं, ना हात जोडले. सूप बाजूला ठेवलं. मग विचारलं, "अंगानं कसे होते, हो?"

शेवटचे सहा महिने पुंडलिकला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलवत नव्हता. वैनीच भरवायच्या. मी तिथूनच शिल्पाला फोन लावला, स्पीकरवर टाकला.

"ते कालचे काका… तब्येतीनं कसे होते गं?"

"चांगले दणकट होते की सर. टायर नुसत्या हातानं ओढून काढला. का ओ?"

"नंतर सांगतो," म्हणून मी फोन ठेवला. वैनींनी पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाल्या, "बरे झाले म्हणायचं."

मग त्या पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या.