घुंगरं थांबली तेव्हा

बहरीनमध्ये, मनामाच्या बाजारात काल लोबानाचा वास आला आणि मी मनानं थेट हमद टाउनमधल्या आमच्या जुन्या घरात पोचलो.

तिथल्या हॉलमध्ये आम्ही वसईकरांनी बायबलमधलं नाटक बसवलं होतं. महायाजक अहरोन अर्थातच मी! निळ्या चादरीचा झगा, काठाला घुंगरं. शास्त्रच तसं होतं: याजक पवित्रस्थानात गेला की बाहेर घुंगरं ऐकू यायला हवीत, नाहीतर त्याचा मृत्यू ठरलेला. हे मी पाच वर्षांच्या रियाला, माझ्या लेकीला, डोळे मोठे करकरून सांगितलं होतं.

मी ऐटीत पडद्याआड गेलो. आत लोबानाचा हा धूर! शिंक दाबायला नाक धरून पुतळ्यासारखा उभा राहिलो. घुंगरं गप्प.

“पप्पा मेले!” रियानं टाहो फोडला आणि याजकाशिवाय कुणी जायचं नाही तिथं घुसून माझ्या पायांना मिठी मारली. घुंगरं खळाळली. मी दणदणीत शिंकलो.

तेव्हा मी चिडलो होतो. आता वाटतं, त्या नाटकात टाळ्या घेण्यासारखं तेवढंच होतं.

रिया आता ऑफिसला जाते. पण मी बाथरूममध्ये जरा रेंगाळलो की दारावर थाप पडते, “पप्पा, बेल्स!”

आणि महायाजक निमूटपणे बादलीची कडी वाजवतात.