पाठीवरचं नाव

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही घानात, अक्रा शहरात राहायचो. गल्लीत शिवणकाम करणाऱ्या आंटी एका दुपारी दारात बसून फुटबॉलच्या जुन्या जर्सीच्या पाठीवरचं नाव ब्लेडने उसवत होत्या.

"मुलींच्या टीमला पुरुषांच्या वापरलेल्या जर्सी मिळाल्यात," त्या म्हणाल्या. "आमच्या वेळी नाव काढायचीही सोय नव्हती. मॅच झाली की जर्सी परत द्यायच्या."

"तुम्ही खेळायचात?"

"देशाकडून! मी गोल केला ना, तेव्हा अख्खं मैदान उठून ओरडलं. जर्सीवाल्या पुरुषाचं नाव."

ऊर फुटेस्तोवर धावायचं हिने, आणि जयजयकार पाठीवरच्या माणसाचा? संताप संताप झाला. आणि एकदम आठवलं, लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने माझं नवं नाव लिहिलं गेलं, तेव्हा सगळ्यांबरोबर मीही टाळ्या वाजवल्या होत्या.

आंटींनी जर्सी झटकून उजेडात धरली. धागान् धागा निघाला होता. पण नावाखाली झाकलेलं कापड तेवढंच गडद राहिलं होतं. ते नाव अजूनही स्पष्ट वाचता येत होतं.