वीस दिवसांचे पोप

आमच्या चर्चचं चार पानांचं मासिक पत्रक निघतं. मागच्या वर्षी फादरांनी त्यात जुन्या पोपांची चरित्रं छापायचं ठरवलं. एका रविवारी मिस्सेची प्रार्थना संपल्यावर त्यांनी आम्हा लिहिणाऱ्या पाच-सहा जणांना अंगणात थांबवून घेतलं आणि एकेक पोप वाटून दिले. नावाजलेले पोप माझ्या आधीच्यांनी घेतले. मी शाळेत इतिहास शिकवते, त्यामुळे मला उरलेलं कुणीही चालेल असं त्यांनी धरलं असावं.

"मॅडम, तुमचे पोप वीसच दिवस गादीवर होते," फादर म्हणाले. "अर्ध्या पानात बसतील."

मी बरं म्हटलं. त्या दिवसांत मी सगळ्यालाच बरं म्हणत होते.

घरी मी आणि बाबा, दोघंच. आई जाऊन बरीच वर्षं झाली, भाऊ पुण्यात असतो. बाबांचे हात दोन वर्षांपूर्वी कामातून गेले. आधी बोटं आत वळली, मग मनगटं, आणि एक दिवस घास तोंडापर्यंत जाईना. तेव्हापासून मी भरवत होते. सकाळी शाळेत जायच्या आधी दूध-भाकरी, संध्याकाळी आल्यावर आमटी-भात. दुपारचं शेजारच्या काकू बघायच्या. पहिल्या महिन्यात मला भरवताना रडू यायचं. नंतर येईनासं झालं. वाईट वाटणं आणि बरं वाटणं दोन्ही एकदमच थांबलं, आणि ते कधी थांबलं हे माझ्याही लक्षात आलं नाही.

माझ्या पोपांविषयी हाती आलं ते जेमतेम दहा ओळींचं. तेराशे वर्षांपूर्वीची गोष्ट. माणूस मूळचा सीरियाचा. रोमची गादी मिळाली तेव्हा वय झालेलं, आणि संधिवाताने हात इतके जखडलेले की स्वतःच्या हाताने जेवता येत नव्हतं. तरी मन खंबीर होतं आणि शहरातल्या लोकांची काळजी होती. कॉर्सिका बेटासाठी त्यांनी एक बिशप नेमला. शहराचा तट ढासळला होता, तो दुरुस्त करायला चुना भाजायचा हुकूम दिला. विसाव्या दिवशी अचानक वारले.

ते हातांचं मी दोनदा वाचलं. काही विशेष वाटलं नाही. योगायोग आहे असं मनात आलं आणि मी वही मिटली.

पुढच्या रविवारी दुपारी बाबांना भरवता भरवता मी ते वाचून दाखवलं. रेडिओ बिघडला होता आणि घरात फार शांत वाटत होतं, एवढंच कारण.

बाबा चावायचे थांबले. "हात वळत नव्हतं म्हंती?"

"असं लिहिलंय."

"मग त्याला भरवायचं कोन?"

"ते लिहिलेलं नाही, बाबा."

"कुनीतरी असंलच की." त्यांनी घास गिळला. "त्याचं बी लिव्हायला पायजे हुतं."

मी पुढचा घास केला. बाबांना बाकीच्या पोपपणात रस नव्हता. पण चुन्याचं ऐकल्यावर ते उशीवरून थोडे वर सरकले. ते जन्मभर गवंडी होते, हे मला ठाऊक होतंच. त्याआधी, लग्नाच्याही आधी, ते श्रीरामपूरजवळच्या बेलापूरकडे एका चुन्याच्या भट्टीवर कामाला होते, हे मला त्या दुपारी कळलं. माझं वय पन्नास.

"दगड कसला हुता त्यांच्याकडं?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही."

"चांगली चुनखडी असंल तर लई सोपं काम. एक थर लाकडाचा, एक थर दगडाचा. भट्टी पेटली की सोडून जायाचं न्हाई."

मग ते बोलतच राहिले. भाजलेला दगड हलका लागतो, त्याला कळीचा चुना म्हणतात. त्याच्यावर पाणी पडलं की तो उकळतो, फुलतो आणि त्याचं लोणी होतं. बैल जुंपलेल्या घाणीत वाळूबरोबर तो मळायचा. असा चुना शंभर वर्षं भिंत धरून ठेवतो. इतकं सलग ते कित्येक महिन्यांत बोलले नव्हते. मी एका हाताने भरवत होते, मधेच हात पुसून वहीत टिपत होते. मधे शाळेच्या कामाचा फोन आला, तोही घेतला.

लेख मी त्याच आठवड्यात लिहून दिला. बाबांनी सांगितलेलं चुन्याचं त्यात घातलं आणि शेवट केला तो असा: चुना तयार व्हायला आठ दिवस लागतात, त्यामुळे हे पोप वारले तेव्हा त्यांनी सांगितलेला चुना तटापाशी तयार होता.

"शेवट छान जमलाय," फादर म्हणाले. अर्ध्या पानाचं पाऊण पान झालं होतं, तरी त्यांनी काही कापलं नाही.

पत्रक छापून यायच्या आत बाबांनी खाणं सोडलं. एका सकाळी मी चमचा पुढे केला आणि त्यांनी तोंड उघडलं नाही. रुसले नव्हते, दुखतही नव्हतं. "बास आता," एवढंच म्हणाले. श्रीरामपूरहून डॉक्टर येऊन बघून गेले, सलाईन लावलं. फादर येऊन आजाऱ्याला लावतात ते पवित्र तेल लावून प्रार्थना करून गेले. भाऊ आला. चौथ्या दिवशी दुपारी भाऊ त्यांच्याजवळ बसला होता आणि मी मोरीवर भांडी घासत होते. भावाने हाक मारली. मी हातातलं पातेलं विसळून पालथं घातलं आणि मग आत गेले. तोवर बाबा गेले होते.

मातीला बरीच माणसं आली. बायका माझ्या गळ्यात पडून रडल्या. मी त्यांच्या पाठीवर हात फिरवत होते. "पोरगी धीराची हाय," असं कुणीतरी म्हणालं. धीराचं त्यात काही नव्हतं. दात काढायच्या आधी इंजेक्शन दिलं की गाल आपला वाटत नाही, तशी मी सगळीच झाले होते.

आठवड्याने पत्रक आलं, आणि त्याच दिवशी बाबांचे जुने जोडीदार भेटायला आले. तेही गवंडी, मुसलमान गल्लीतले. लहानपणापासून मी त्यांना चाचा म्हणते. मयतीच्या दिवशी ते लेकीकडे तिसगावला होते, म्हणून उशिरा आले. मी चहा पुढे ठेवला आणि पत्रक त्यांच्या हातात दिलं. "बाबांनी सांगितलेलं आहे यात. वाचा."

त्यांनी चष्मा लावला आणि एकेका ओळीखाली बोट ठेवत वाचलं. बराच वेळ लागला. मग पत्रक खाली ठेवून बशीत चहा ओतला.

"हे आठ दिवसाचं त्यानं सांगितलं?"

"हो. का?"

"न्हाई सांगायचा त्यो असं. आठ दिवस निस्त्या भट्टीला लागत्यात. पुढं चुना भिजवून मुरवायचा. महिना तरी. कच्चा चुना भिंतीला घातला तर भिंत फुटती. आमी दोघं एकाच भट्टीव हुतो, पोरी. तुझी लिवताना चूक झाली."

मी वही आणून बघितली. भट्टीपुढे 'आठ दिवस' लिहिलं होतं, त्याच्या खाली शाळेच्या फोनमधला मजकूर होता आणि त्याच्याखाली एकदम घाणी आणि वाळू. मी फोनवर बोलत होते तेव्हा बाबा बोलायचे थांबले नसणार. मुरवायचं ते तेव्हाच सांगून झालं असणार, मला नाही, तर समोरच्या भिंतीला. मी फोन ठेवून परत चमचा उचलला होता आणि मधलं काही राहिलं का, हे विचारलं नव्हतं.

"म्हणजे त्या पोपांनी तयार चुना बघितलाच नाही," मी म्हटलं.

"कसा बघंल? वीस दिवसात?" चाचा म्हणाले. "पर सांगून गेला ना. सुरू तर झालं असंल काम."

तटाचं काम नंतरच्या एका पोपांनी हाती घेतलं आणि तेही अर्धवटच राहिलं, हे मी वाचलं होतं. चाचांना सांगितलं नाही. जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात खरखरीत होता आणि वजनदार होता, आणि बऱ्याच दिवसांत मला जाणवलेली ती पहिलीच गोष्ट. रडू मात्र आलं नाही.

रविवारी मी फादरांना गाठून दुरुस्ती छापा म्हणून सांगितलं.

"मॅडम, आठ दिवस काय नि महिना काय, कोण लक्षात ठेवणार? उलट तुमचा शेवटच बिघडेल."

"बिघडू द्या," मी म्हटलं. "पण छापा."

माझ्या आवाजाचं मलाच नवल वाटलं. त्या सबंध वर्षात मी एवढ्या एकाच गोष्टीसाठी अडून बसले.

पुढच्या अंकात तळाला बारीक अक्षरात दोन ओळी आल्या: चुना मुरायला किमान महिना लागतो, मागील लेखातील शेवटचे वाक्य चुकीचे आहे. त्या अंकाची एक प्रत मी चाचांकडे पोचती केली. त्यांची सून दारात भेटली, ते बाहेर गेले होते. घरी येऊन मी कुकर लावला. भात नेहमीच्या सवयीने जरा मऊच झाला. तो मी जेवले, ताट धुतलं आणि नववीच्या चाचणीचे पेपर तपासायला घेतले.