शिवणाच्या बाईंचं नेटवर्क कार्ड

२००२ साली हुबळीत लॅमिंग्टन रोडवरच्या एका मुलींच्या शाळेने शिवण हा विषय बंद केला आणि विमलाबाई नरगुंदकरांच्या हाताला काम उरलं नाही. वीस वर्षं त्यांनी मुलींकडून काजं आणि हातशिलाई घोटून घेतली होती. निवृत्तीला अजून सहा वर्षं होती. हेडमास्तर श्रीहरी सरांनी त्यांना वाचनालयात बसवलं, आणि तिथे धूळ खात पडलेले दोन कॉम्प्युटरही त्यांच्याच गळ्यात पडले.

बंगळुरूच्या एका माजी विद्यार्थिनीने ते शाळेला दिले होते. त्यात लिनक्स घातलेलं, आणि सोबत एक जाडजूड इंग्रजी पुस्तक. डिक्शनरी मांडीवर घेऊन विमलाबाईंनी ते तीन महिन्यांत वाचून काढलं. दोन्ही मशीनं जोडली तर एका प्रिंटरवर भागेल, हे त्यांना त्यातच कळलं. शाळेने दोन नेटवर्क कार्डं आणवली. पहिलं लगेच चाललं. दुसरं काही केल्या ओळखच देईना.

दुकानातला माणूस आला. खोक्यावर जे नाव होतं त्याचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, त्याने घातला, दोनदा मशीन बंद-चालू केलं आणि हात झटकले. "कार्ड होग्येद्री. गेलंय ते, दुसरं घ्या."

"राहू द्या बाई," श्रीहरी सर म्हणाले. "हे काय शिवणासारखं नाही."

ते बाईंना लागलं. रात्रभर नव्हे, चांगलं आठवडाभर लागून राहिलं. दाजीबानपेठेत कापड घेताना त्यांनी ताग्यावरची चिठ्ठी कधी वाचली नव्हती. टोकाचा धागा ओढून बघायच्या, मगच बोलायच्या. आणि इथे सगळे खोकंच वाचत बसले होते. कार्ड कुणी बघितलंच नव्हतं.

शनिवारी शाळा सुटल्यावर त्यांनी वायर काढली आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन कॉम्प्युटरचा डबा उघडला. शाळेचा जुना शिपाई सटवाजी बॅटरी धरून उभा राहिला.

"अक्कोरे, शॉक बसंल की."

"वायर काढलीय. उजेड इकडं धर."

कार्डावरच्या काळ्या चिपवर मुंगीएवढी अक्षरं होती. सुईत दोरा ओवण्यात डोळे मुरलेले. बाईंनी नंबर एका दमात वाचून कागदावर उतरवला. खोक्यावरच्या नावाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. कार्ड एकाचं, खोकं भलत्याचंच. पुस्तकाच्या मागच्या यादीत त्या नंबरचा ड्रायव्हर सापडला. मशीन लावून त्यांनी त्याचं नाव टाइप केलं आणि एंटर दाबलं.

पडद्यावर काहीच आलं नाही.

"आयितु?" झालं का, असं सटवाजीने हळूच विचारलं.

"काय की. चुकलं की हे ओरडतं. आज गप्प बसलंय."

त्यांनी मशीनला जोडलेल्या कार्डांची यादी पडद्यावर मागवली, तर तीत ते कार्ड हजर. मग त्याला पत्ता दिला, दुसऱ्या मशीनला हाक मारायला सांगितलं, आणि पलीकडून उत्तर आलं. एक ओळ, दुसरी, तिसरी. दर सेकंदाला नवी. सटवाजी सरांना बोलवायला धावला.

श्रीहरी सर चष्मा लावून बराच वेळ बघत राहिले. "हे थांबणार कधी?"

"मी थांबवीन तेव्हा, सर."

सर हसले. "मगाचं... म्हणजे त्या दिवशीचं मनावर घेऊ नका, बाई."

"घेतलं होतं," बाई म्हणाल्या, "म्हणून तर झालं." आणि त्याही हसल्या.

जूनपासून वेळापत्रकात त्यांच्या नावापुढे आठवड्याला कॉम्प्युटरचे आठ तास लागले. पुढे धारवाडच्या दोन शाळांतूनही बोलावणं येऊ लागलं. रविवारी बसने जाऊन त्या मशीनं जोडून देत. २००८ साली निरोपसमारंभात त्या जेमतेम दोन मिनिटं बोलल्या. मग आठवीच्या मुलींनी मशीनं नीट बंद केलीत का, ते बघायला हार गळ्यात तसाच ठेवून निघून गेल्या.