शेवटी उरतो तो भात

"तुम्ही पथ्य पाळत नाही," असं डॉक्टर मला म्हणाले. शेजारच्या खुर्चीत हे बसले होते. यांनी मान हलवली, म्हणजे मीही हेच सांगतो हिला, अशी. डॉक्टरांचं बोलणं मी सोडून दिलं, पण त्या मान हलवण्याचा राग अजून गेलेला नाही.

साखर आधी यांना निघाली, माझ्या चार-पाच वर्षं अगोदर. हे डोलवीला कंपनीत. तिथल्या तपासणीत कळलं. आम्ही पेणमधल्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर घाटावरचे, स्वभावाने चांगले. "भात बंद करा, भाकरी खा," म्हणाले. आता आमच्याकडे भाकरी म्हणजे तांदळाची. वेगळं काही सांगितल्याशिवाय दुसरं पीठ कुणाच्या डोक्यात येत नाही. मी इमानाने दोन्ही वेळा पांढऱ्याशुभ्र, टम्म फुगलेल्या भाकऱ्या करून यांना वाढत राहिले. पुढच्या तपासणीत साखर उतरायच्या ऐवजी चढलेली. सासूबाई सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा म्हणाल्या, "तू काय घालतेस गो त्याला खायला?"

डॉक्टरांनी खोदून विचारलं तेव्हा उलगडा झाला, त्यांच्या मनातली भाकरी ज्वारी-बाजरीची होती. ते हसले, हेही हसले. मला हसू आलं नाही. ओरडा मी खाल्ला होता.

मग मी नाचणी आणली. नाचणीची भाकरी थापताना मोडते, तिला हात बसायला वेळ लागतो, तो बसवला. यांची शिफ्ट सकाळची असो की रात्रीची, डबा त्याप्रमाणे. मासळी तळायची सोडून कालवणात घालायला लागले. पालेभाजी रोज. वालाचं बिरडं करायचं तर त्यातला गूळ काढला. चहातली साखर गेली ती सगळ्या घराची गेली, कारण यांच्या एकट्याचा चहा वेगळा केला तर यांना वाईट वाटायचं. गणपतीत मोदकांचं ताट यांच्यासमोरून मीच उचलायची आणि वर यांचा रुसवाही मीच काढायची. साखर उतरली. डॉक्टर म्हणाले, "तुमच्यासारखे शिस्तीचे पेशंट कमी." हे वाक्य यांनी येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलं. शिस्त म्हणे! समोर आलेलं ताट जेवायचं, एवढीच काय ती शिस्त.

त्यानंतर माझी पाळी आली. विळीवर बोट कापलं आणि जखम काही केल्या भरेना. रक्त तपासलं तर साखर. मी घाबरले, पण आत कुठेतरी वाटलं, आपल्या घराला सवय आहे, निभेल.

घरात काहीही बदललं नाही. हे म्हणाले, "तुला काय सांगायचं, तू तर यात तयार." मुलगा मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला, "आई, आता तूपण बाबांचं जेवण जेव ना."

बाबांचं जेवण बाबा जेवतात, हे त्याला कोण सांगणार? तव्यावरची भाकरी उतरते ती ताटात पडते, आणि ताट माझं नसतं. यांचं होतं, मुलाचं होतं, मग सासूबाई. भाजी आवडली की पुन्हा घेतली जाते. कालवणातले तुकडे संपतात. मी हात धुऊन बसेपर्यंत टोपात भात असतो, कालवणाचा रस असतो, बरणीत लोणचं असतं. स्वतःसाठी पुन्हा पीठ मळावं तर कंबर नाही म्हणते, आणि भात टाकवत नाही. घराघरात असंच आहे. शेवटी उरतो तो भात, आणि शेवटी बसते ती बाई. पेणच्या दवाखान्यात बाकावर शेजारी बसलेल्या बाया मी पाहिल्यात. सगळ्या एकच ऐकून बाहेर येतात, पथ्य पाळत नाही.

यांची साखर चढली तेव्हा दोष माझा. माझी चढली तेव्हाही माझाच. डॉक्टरांनी एक गोळी वाढवली आणि जेवणाच्या वेळा सांभाळा म्हणाले. जेवणाच्या वेळा माझ्या हातात असल्यासारख्या!

त्याच सुमारास रोह्याला माझ्या नणंदेच्या मुलीचा साखरपुडा होता. आम्ही सकाळच्या गाडीने गेलो. निघताना मी गोळी घेतली, चहाबरोबर दोन घास पोहे खाल्ले. हॉल केला नव्हता, नणंदेच्या अंगणातच मांडव. मुहूर्त लांबला. मुलाकडची माणसं पनवेलहून उशिरा आली. मग पुरुषांची पंगत, मग मुलाकडच्या बायकांची, मग शेजाऱ्यापाजाऱ्यांची. मी मुलीची मामी. मामीने वाढायचं नाही तर कुणी? भाताचं भांडं घेऊन मी फिरत होते. हे पहिल्या पंगतीत जेवून मांडवाच्या कडेला पान खात बसले होते.

आधी हात थरथरायला लागले. मग मानेवरून घाम. माणसांचे आवाज लांबून यायला लागले. नणंदेला म्हटलं, "मी जरा दोन घास खाऊन घेते का?" ती म्हणाली, "वहिनी, एवढी एक पंगत होऊ द्या ना, मग आपण सगळ्याजणी निवांत बसू." मी होऊ दिली. सवयच तशी. भांडं हातातून सुटलं आणि मी मांडवाच्या खांबाला धरून खाली बसले, तेवढंच आठवतं.

शुद्ध पुरती गेली नव्हती. भोवतीचं बोलणं ऐकू येत होतं. कुणी म्हणालं ऊन लागलं, कुणी म्हणालं दृष्ट लागली, कुणी म्हणालं कांदा हुंगवा. तेवढ्यात नणंदेच्या शेजारच्या मुसलमान बाई पुढे आल्या. त्यांचे मालक आखातातून परत आलेले, त्यांना साखरेचा आजार, म्हणून बाईंना ही लक्षणं माहीत. त्या ओरडल्या, "कांदा काय हुंगवतांव? साखरेचं पानी आना आधी!" पेला त्यांनीच माझ्या ओठाला लावला. मग पाठीवर हात फिरवत म्हणाल्या, "गोली घेतलीस आनि उपाशी वाढत होतीस गो बाय? कोनीच इचारलं नाय?"

मला रडू फुटलं. ते अशक्तपणाचं नव्हतं. इतक्या माणसांत हा प्रश्न विचारणारी बाई शेजारच्या घरातून यावी लागली, त्याचं होतं.

परतीच्या गाडीत कासू स्टेशन गेल्यावर हे म्हणाले, "गोळी घेतली होतीस तर खाऊन घ्यायचं. लोकांत शोभा झाली."

"कधी?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"कधी खाऊन घ्यायचं? तुमच्या पंगतीच्या आधी की नंतर? वेळ सांगा, मी तशी खाते."

हे उठून गाडीच्या दाराशी जाऊन उभे राहिले, ते पेण येईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाक झाल्याबरोबर मी पहिली भाकरी माझ्या ताटात घेतली. भाजी घेतली, बांगड्याचा मधला तुकडा घेतला, आणि यांच्या समोर टेबलाशी जाऊन बसले. हात थरथरत होते. साखर उतरली नव्हती, धास्तीने थरथरत होते. आपल्याच घरात, आपणच रांधलेलं खाताना!

सासूबाई दारात उभ्या राहिल्या. "आमच्यात नाय बाई अशी पद्धत. आमी जन्मभर उरलंसुरलं खाल्लं, आमाला काय झालं?"

"तुम्ही कधी तपासलंत?" मी म्हटलं.

त्या आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. हे दुसरी भाकरी मागायला तव्याकडे बघायचे, मग माझ्याकडे. मी जेवत असायची. चार दिवसांनी स्वतः उठून घ्यायला लागले. बांगडा आता जरा जास्त आणतात. मुलाने एकदा विचारलं, "आज भाजी एवढीच?" म्हटलं, हो, आज मीपण खाल्लीय.

माझी साखर उतरायला लागली आहे. नवीन काहीच केलं नाही. यांना जे वाढत होते तेच मीही जेवते, वेळेवर. एवढ्यासाठी मला भर मांडवात पडावं लागलं, याचा संताप मात्र उतरत नाही. नणंद फोनवर अजून म्हणते, "वहिनी, आमच्याकडे येणार असाल तर आधीच कळवा, तुमचं ताट पहिलं काढून ठेवते." तिला वाटतं ती माझे लाड करतेय.

सासूबाई हल्ली माझ्याबरोबरच जेवायला बसतात. "तू एकटी बसलेली बरी दिसत नाय," म्हणतात. नाचणीची भाकरी घेतात, तांदळाची बाजूला सारतात. बरेच दिवस त्यांच्या तळपायांना मुंग्या येतात. रात्री ते घासत बसतात. मी परवाही म्हटलं, चला, एकदा रक्त तपासून येऊ.

"आता कळून काय करायचंय गो?" त्या म्हणाल्या, आणि पाय पदराखाली घेतले.