डोहातला बोंबील

ये, जवळ बस अशी. कागद हातात घेऊन का होईना, बस. अन् आधी रागावू दे मले. तू बालाघाट सोडल्याले दुसरं वर्ष लागलं, तुह्या तोंडून दोन शब्द नाहीत. मावशीले असं विसरते का कोणी? बाटल्या धुवायले ठेवलेली बाई होती मी, तुह्या विद्यापीठातली कोणी नाही, खरं आहे. पण ती घाण आपण दोघींनी मिळूनच उपसली ना?

आठवलं की अजूनही मळमळते मले. बस स्टँडमागच्या दोन खोल्या, तीच तुही प्रयोगशाळा. मासा पोहून गेला तरी त्याचा अंश पाण्यात राहते, ते पाणी गाळून तपासलं की मासा कोणता ते समजते, हे तू मले चहा पिता पिता सांगितलं. मी चौथी शिकलेली, पण पाहून पाहून सगळं शिकली. तुले एकच मासा पाहिजे होता, महाशीर. बैहरकडच्या नदीतून तो संपला म्हणत सगळे. तू म्हणे, डोहात असन.

अन् तो डोह! काठाले मेलेली म्हैस अडकलेली, फुगून ढोल झालती. पाण्यावर पिवळा फेस. मी कमरेएवढ्या पाण्यात, पोटऱ्याले जळवा. गाळायच्या कागदावर शेंबडासारखा गाळ जमला, तो पाहून तू झाडामागं जाऊन ओकली.

"एवढ्यात? अजून लेकरं नाही धुतली तू," मी म्हटलं. पण भाकर माह्याही घशाखाली उतरली नाही.

मग पाण्यात सापडलेल्या माशांची यादी आली. महाशीर होता! तू मले गच्च धरलं. खालची ओळ वाचली अन् सोडलं.

"मावशी, बोंबील."

"बोंबील काय?"

"समुद्राचा मासा. बैहरच्या डोहात काहून येईन?"

त्या सकाळी बाजारातून सुके बोंबील घेऊन मी पदरात बांधले होते. हातमोज्यानं गाळायचा कागद उचलायचा चिमटा घसरे, म्हणून मोजे काढले अन् चिमटा त्याच पदराले पुसला. म्हशीची घाण डोळ्याले दिसत होती. माही घाण मी कमरेले खोचून फिरली.

दोन दिवस मी हे तुले सांगितलं नाही. मग तुहे सर आले. चिवडा खात खात म्हणाले, "अरे, वो लाइन हटा दो. महाशीर रखो. किसको पता चलेगा?" वरणातला केस काढावा अन् तेच वरण पाहुण्याले वाढावं, तसं. मले त्या म्हशीपेक्षा जास्त किळस आली.

"सर, बोंबील माह्या पदराचा आहे," मी म्हटलं. "ज्या कागदाले माहा हात लागला, त्याचा महाशीरही खरा धरू नका."

"इसीलिए पढ़े-लिखे लोग रखने चाहिए."

"सर, लाइन हटाने को तो पढ़े-लिखे ही बोल रहे हैं," तू म्हणाली. हौ, तूच! एरवी त्याईच्यासमोर मान वर करत नव्हती.

आपण पुन्हा गेलो. म्हैस आता फुटलती, विचारू नको. मोजे घातले, पदर घरी ठेवून तुहा सदरा अंगात घातला. यादीत बोंबील नव्हता. महाशीरही नव्हता. तू लिहिलं, सापडला नाही. डिग्री लांबली तुही. तू बालाघाट सोडलं त्या दिवशी बसपाशी तू नाही रडली, मी रडली.

तेव्हापासून माह्या घरी बोंबील शिजत नाही. वास आला की तो पदर नाकाशी येते.

अन् ऐक, मागच्या बाजारात त्या डोहावरचा मासे धरणारा म्हातारा भेटला. हाताएवढ्या खवल्याचा महाशीर जाळं फाडून गेला म्हणते. म्हातारा फेकते, मले माहीत आहे. गाळून पाह्यल्याशिवाय मी नाही मानत. नवे हातमोजे आणून ठेवले आहेत, पाकीट फोडलं नाही. बाटल्या घे अन् ये लवकर, डोहाचं पाणी उतरायच्या आत.